कार्ब्युरेटरच्या बाजूने एक मत

जगात माणसांचे पंथ दोनच. एक कार्ब्युरेटरवाल्यांचा, दुसरा फ्युएल इंजेक्शनवाल्यांचा. बाकी जात, धर्म, पक्ष हे सगळे वरवरचे रंग. खरवडले की खाली या दोनांतला एक निघतो. माझा मित्र हणमंत डुबल हे वाक्य दर रविवारी सकाळी म्हणायचा आणि मी दर रविवारी ते गंभीरपणे ऐकून घ्यायचो. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या कराडात या दोन पंथांना मिळून अनुयायी दोनच होते. पहिल्या पंथाचा तो आणि दुसऱ्याचा मी.

त्यातही मी कच्चाच. मी राज्यशास्त्र शिकवतो. माझ्याकडे एक स्कूटर होती आणि तिच्यात पेट्रोल कुठून घालतात एवढंच मला ठाऊक होतं. पण कॉलेजच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक यायचं, त्यातला एक लेख वाचून मी इंजेक्शनवाला झालो. बहुतेक लोक विचारवंत होतात ते याच मार्गाने.

ज्या सकाळी या दोन्ही पंथांनी एकमेकांत धर्मांतर केलं, त्या सकाळी आम्ही कराडच्या एका शोरूममध्ये बसून फुकटचा चहा पीत होतो. समोर एकाच मॉडेलच्या दोन मोटारसायकली उभ्या होत्या. तेव्हा असं मिळायचं. इंजिन तेच, एक कार्ब्युरेटरची, एक इंजेक्शनची. गाडी घ्यायची होती हणमंतच्या मुलीसाठी, रेणुकासाठी. तिला भूमी अभिलेख खात्यात नोकरी लागली होती. भूकरमापक. नेमणूक पाटणला, म्हणजे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. त्या रस्त्यांना स्कूटीचं काम नव्हतं. रेणुका दहावीपासून बापाची मोटारसायकल चालवत होती, त्यामुळे मोटारसायकलच घ्यायची हे ठरलेलं होतं. प्रश्न फक्त कुठली एवढाच, आणि मला तो प्रश्नच वाटत नव्हता. हणमंत डुबल जिवंत असताना त्याच्या दारात इंजेक्शनची गाडी येणं म्हणजे मठात कोंबडी शिजणं.

“घरची जुनी द्या की तिला,” असं मी मागे एकदा सुचवून पाहिलं होतं.

“आणि हे बरे झाल्यावर काय चालवतील?” सुलभावहिनी म्हणाल्या होत्या.

हणमंत बरा होणार, हे आमचं सगळ्यांचं अधिकृत धोरण होतं. अधिकृत धोरण आणि वस्तुस्थिती यांचा संबंध काय, यावर मी दरवर्षी दोन तास व्याख्यान देतो, त्यामुळे मला ते धोरण पाळायला सगळ्यांत सोपं जात होतं. त्याची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी, बिडी नाही, तंबाखू नाही, तरी. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ काही बोलणं टाळलं होतं. हणमंत मात्र आल्यागेल्याला स्वतःच सांगायचा, “काय न्हाई ओ, मिक्श्चर रिच झालंय. हवा कमी पडतीया.” लोक हसायचे. वहिनी हसत नसत. त्या म्हणत, “औषध लागू पडतंय. दिवाळीपर्यंत बरं वाटेल.”

आमचं भांडण जुनं होतं. रविवारी सकाळी तो अंगणात गाडी स्टँडवर लावायचा, गुडघ्यावर बसायचा आणि स्क्रू-ड्रायव्हर कार्ब्युरेटरला लावून मान वाकडी करायचा. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू किंचित सैल, किंचित घट्ट, पुन्हा सैल. गवयाने तंबोरा लावावा तसं. मग एका जागी आवाज असा बसायचा, की मलासुद्धा कळायचं. तेव्हा तो माझ्याकडे बघायचा.

“हे तुझं इंजेक्शन करून दाखवंल?”

“इंजेक्शनला हे करावंच लागत नाही. त्याला सेन्सर असतात. थंडी असो, चढ असो, हवा-पेट्रोल किती घ्यायचं ते त्याचं तेच ठरवतं. त्याला कोणी लागत नाही.”

“ज्याला कुणी लागत न्हाई, ते काय कामाचं रं प्रोफेसर? आन बॅटरी उतरली की तुझी इंजेक्शनची गाडी म्हंजे सोफासेट. बसा आन भजी खावा. कार्ब्युरेटर बिघडला तर आधी सांगतो. खोकतो, कुरकुरतो. माणसावानी हाय.”

वहिनी पोहे घेऊन बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, “कार्ब्युरेटर, कार्ब्युरेटर! एवढं माझ्याकडं कधी मान वाकडी करून ऐकलं असतं तर...” पुढचं त्या बोलत नसत. त्यांना या दोन वस्तूंतला फरक माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय.

तर शोरूम. सेल्समन मिशाळ, गळ्यात टाय, टायवर चहाचा डाग. तो पाठ केलेलं म्हणाला, “सर, दोन्हीत इंजिन सेम. ही कार्ब्युरेटरची, ती इंजेक्शनची. कलर दोन्हीत चार.”

मी खुर्चीत सावरून बसलो. आता हणमंत या माणसाला सोलणार होता आणि मला ते बघायचं होतं. रेणुका कार्ब्युरेटरच्या गाडीवर बसून पाय जमिनीला टेकतात का ते पाहत होती. वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

हणमंतने चहाचा कप खाली ठेवला. बोलण्याआधी तो हल्ली थोडं थांबायचा, वाक्याला पुरेल एवढा श्वास गोळा करायला.

“इंजेक्शनची द्या,” तो म्हणाला.

मला वाटलं, त्याने टोमणा मारला. मी हसलोसुद्धा. तो हसला नाही.

“इंजेक्शनची?” मी म्हटलं. “हणम्या, बरा आहेस ना?”

हे वाक्य त्या दिवसांत त्याला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“चांगली असती ती,” हणमंत सेल्समनकडे बघत म्हणाला. “सेन्सर असत्यात. थंडी असू दे, चढ असू दे. तिचं ती ठरवती.”

हे माझं वाक्य होतं. शब्दन्‌शब्द. इतकी वर्षं ते मी त्याच्यावर फेकलं होतं आणि तो ते झेलून परत फेकत होता. आता ते त्याच्या तोंडून ऐकताना माझ्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहिल्यासारखं वाटलं.

“पप्पा, तुम्ही तर म्हणायचा—” रेणुका गाडीवरूनच बोलली.

“म्हणायचो. माणूस शिकतो की.” त्याने पुन्हा श्वास घेतला. “डोंगरात जायचं हाय तुला. तिथं गाडीला कुणी लागायला नको.”

“कुणी लागायला नको म्हणजे?” वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण पलीकडच्या टेबलावर विम्याचे कागद भरणाऱ्या माणसाने मान वर केली.

“म्हंजे... सोयीचं पडतं.”

“तुम्ही आहात ना सोयीला? तुम्ही कुठं चाललाय?”

सेल्समन काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, “मॅडम, कलर बघायचा का?”

“कार्ब्युरेटरची द्या,” वहिनी त्याला म्हणाल्या.

“सुलभा—”

“कार्ब्युरेटरचीच. इतकी वर्षं ऐकलंय मी. ती बोलते. ती आधी सांगते. माणसासारखी असते. रविवारी हे बघतील तिच्याकडं. कराडला यायचीच आहे ती दर रविवारी. हे बघतील.” त्यांनी पर्सची चेन उघडली आणि उगाच पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळल्या. “भावजी, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले. कुठली घ्यावी?”

आयुष्यात पहिल्यांदाच या विषयावर कोणी माझं मत मागत होतं. इंजेक्शनच्या बाजूने माझ्याकडे इतक्या वर्षांचा दारूगोळा पडून होता. मी वहिनींकडे पाहिलं. मग हणमंतकडे पाहायचं टाळलं.

“कार्ब्युरेटरची,” मी म्हणालो.

“बघा!” वहिनी म्हणाल्या.

“इंजेक्शनला बॅटरी लागते,” मी पुढे रेटलं. “बॅटरी उतरली की गाडी म्हणजे सोफासेट. कार्ब्युरेटर कसा, कुरकुरतो, खोकतो...” खोकतोपाशी मी थांबलो.

“आरं पण सेन्सर असत्यात!” हणमंत चिडून म्हणाला.

“सेन्सरला काय करायचंय? ते बिघडलं तर कॉम्प्युटर लावावा लागतो!”

“बिघडतच न्हाई ते!”

“बिघडत नाही असं काही नसतं, हे तूच म्हणायचास!”

असे आम्ही दोघं आपापल्या घरातून बाहेर पडून एकमेकांच्या घरात घुसलो होतो आणि तिथल्या खिडकीतून स्वतःच्याच घरावर दगड मारत होतो. सेल्समनला वाटलं असावं, की आम्ही हे दर शोरूममध्ये जाऊन करतो. त्याने कपबशा गोळा करायला सुरुवात केली. ज्या मुलीला गाडी चालवायची होती ती गाडीवर बसून होती, आणि तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

हणमंतला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ चालली. संपल्यावर तो मला म्हणाला, “जरा भाईर चल. हवा खाऊ.”

वहिनी उठायला लागल्या तसा त्याने हात केला. “तू बस. कलर बघ.”

शोरूमच्या बाजूला पायऱ्या होत्या, तिथे आम्ही बसलो. रस्त्यापलीकडे कोणीतरी मोटारसायकल चालू ठेवून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होता. हणमंतची मान आपोआप तिकडे वाकडी झाली.

“घट्ट हाय,” तो म्हणाला. “अर्धा आटा सैल करायला पायजे.”

“जाऊन सांगतोस?”

“चालत जाईस्तोवर त्यो रस पिऊन जाईल.” तो हसला. मग थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. “तू का पलटलास रं?”

“तू का पलटलास?”

“मी आधी इचारलं.”

“वहिनींनी विचारलं म्हणून. त्यांना काय सांगू? त्या गाडीबद्दल विचारत नव्हत्या.”

“मला म्हाईत न्हाई व्हय?” त्याने गुडघे चोळले. “तिला वाटतंय, इंजेक्शनची घेतली की मी मेलो.”

“आणि कार्ब्युरेटरची घेतली की?”

“तरी बी.”

हे पहिल्यांदा बोललं गेलं होतं. इतके महिने आम्ही धोरण पाळलं होतं, आणि ते एका पायरीवर, रसाच्या गाड्यासमोर, दोन शब्दांत संपलं. मी चपलेच्या टोकाने एक खडा ढकलला.

“ऐक,” तो म्हणाला. “पोरगी मोजणीला गेली कुठं तरी वर. पाच वाजलं. साखळी गुंडाळली, गाडीला बटण मारलं. चालू झाली न्हाई. कार्ब्युरेटर तुंबला. फोन कुणाला करंल?”

“तुला.”

“मग?”

मी रसाच्या गाड्याकडे बघायला लागलो.

“ती विचार न्हाई करणार. बोट आपसूक जाईल. लहानपणापासनं गाडी अडली की पप्पा. नंबर लावंल आन मग ध्यानात यील.” त्याने पुन्हा श्वास गोळा केला; या वेळी जास्त वेळ लागला. “तिथं डोंगरात एकटी बसून रडंल ती. गाडीपायी न्हाई. मला ती गाडी नको, जी तिला माझा नंबर लावायला लावंल.”

पलीकडचा माणूस रस पिऊन निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत हणमंत ऐकत होता.

“वीस वर्षं तूच बोंबलत व्हतास ना,” तो म्हणाला. “इंजेक्शन, इंजेक्शन. मग आज एकदा आत जाऊन बोंबल. माझं कोण ऐकत न्हाई तिथं. आजारी माणसाचं मत म्हणून सोडून देत्यात.”

“वहिनी मला कधी माफ करायच्या नाहीत.”

“न्हाई करणार,” तो म्हणाला. “पोहे तरी बंद हुतील तुझे.”

मी आत गेलो. वहिनी कार्ब्युरेटरच्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभ्या होत्या, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मी म्हणालो, “वहिनी, इंजेक्शनचीच घेऊ या. मी विचार केला. रेणूच्या कामाला तीच बरी.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, रागावतील, रडतील. त्यांनी फक्त विचारलं, “भावजी, तुम्हीपण?”

मी मान हलवली.

मग त्यांनी सीटवरचा हात काढला आणि पदराला पुसला. “मरून कलर घ्या,” त्या सेल्समनला म्हणाल्या. “काळी नको.”

“मॅडम, इंजेक्शन आत्ता शोरूमला आहे ती डेमोची. तुमची बुकिंगला येईल. दसऱ्याला डिलिव्हरी देतो, मुहूर्तावर. हार, नारळ आमच्याकडून.”

“दसऱ्याला,” वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं. “चालेल. दसऱ्याला हे स्वतः येतील न्यायला.” त्या दाराकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, “अहो, दसऱ्याला गाडी मिळणार आहे! याल ना?”

दारात टेकून उभा असलेला हणमंत म्हणाला, “यीन की.”

“पूजेची वर्दी देऊन ठेवते देशमाने गुरुजींना.”

“दे.”

अधिकृत धोरण पुन्हा लागू झालं. रेणुकाने सही केली. जाताना तिने सेल्समनला विचारलं, “आरसे दोन्ही बाजूंना मिळतात ना?” त्या दिवशी गाडीबद्दल विचारला गेलेला खऱ्या अर्थाने तेवढा एकच प्रश्न.

गणपती बसले, उठले, आणि पितृपंधरवडा लागायच्या आत हणमंत गेला. शेवटच्या दिवसांत त्याला बोलता येत नव्हतं. मी उशाशी बसून कार्ब्युरेटरला शिव्या घालायचो, म्हणजे त्याच्या डोळ्यांत थोडी हालचाल व्हायची. एकदा मी कार्ब्युरेटरची स्तुती केली, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. त्याला ते आवडलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी पुन्हा शिव्यांवर आलो.

दसऱ्याच्या आधी शोरूममधून फोन आला, की मॅडम, गाडी आली आहे, मरून. वहिनींचे थोरले दीर घरी होते. ते म्हणाले, घरात सण नाही, वर्ष व्हायचंय, दसऱ्याचं वाहन दारात आणायचं नाही. हणमंतला असल्या गोष्टींचा तिटकारा होता, पण ते सांगायला तो नव्हता. मी बोललो, तर दीर म्हणाले, “प्रोफेसर, तुम्ही घरचे नाही.” शोरूमवाल्यांनी ती गाडी दसऱ्याच्या गर्दीत दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली.

दिवाळी सरली तशी रेणुकाची रजा संपली. पाटणला हजर व्हायचं होतं, वडापची जीप जिथपर्यंत जाते तिथून पुढे चालत किती दिवस जाणार? ती एकटीच शोरूमला गेली. इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा थांबावं लागणार होतं. जी उभी होती ती तिने घेतली. कार्ब्युरेटरची. काळी.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा वहिनी अंगणात गाडीला हळद-कुंकू लावत होत्या. शोरूमच्या त्या सकाळनंतर त्या घरात मला पोहे मिळाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, “मी तेव्हाच म्हणत होते, कार्ब्युरेटरचीच घ्या.”

“हो,” मी म्हणालो.

“यांचं ऐकलंत तुम्ही.”

“हो.”

त्या गाडीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान थोडी वाकडी केली. गाडी बंदच होती.

रविवारी रेणुका घरी आली की गाडी अंगणात असायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचो. आपण काहीतरी करायला हवं, असं वाटायचं. एकदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली वाकलोसुद्धा. स्क्रू कुठला ते सापडेना. रेणुका म्हणाली, “काका, राहू द्या. चालते ती.”

पुढच्या पावसाळ्यात मात्र जे व्हायचं ते झालं. मला ते कळलं महिनाभराने, पोहे खाताना, ते पुन्हा सुरू झाले होते. वर कुठल्यातरी वाडीत मोजणी होती, संध्याकाळ झाली, बटण मारलं, गाडी चालू होईना. कार्ब्युरेटरमध्ये पाणी गेलं होतं. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. वहिनी आत होत्या. मी आवाज खाली आणला.

“मग काय केलंस?”

“काय करणार? उतार होता. न्यूट्रलला टाकून सोडली खाली. पाटणला पहिलं गॅरेज लागलं तिथं दिली. त्याने कार्ब्युरेटर खोलला, पाणी काढलं, फुंकला, लावला. चहा सांगितला होता, तो यायच्या आत झालं.”

“आणि वर असताना... फोन कुणाला लावलास?”

“कुणाला लावणार काका,” ती म्हणाली. “तिथं रेंजच नाही.”